म्हाताऱ्या इंजिनांचं घर

दिल्लीला जाऊन आलेल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा, काय काय पाहिलंत? लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, चांदणी चौकातली साडीखरेदी आणि वेळ उरलाच तर आग्र्याचा ताज. ही यादी आता इतकी ठरून गेली आहे की, त्यात कुणी बदल करायला धजत नाही. पण मैत्रिणींनो, मुलं बरोबर असतील, आणि विशेष म्हणजे घरात कुणी रेल्वेतलं वडीलधारं माणूस असेल, तर या यादीतलं एखादं नाव खुशाल गाळा आणि चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक सकाळ घालवा. सवड असली तर दुसऱ्या दिवशी हरियाणातल्या रेवाडीलाही जाऊन या. का, ते सांगते.

तुम्ही म्हणाल, इंजिनं पाहण्यात आम्हां बायकांना काय गंमत? मलाही आधी तसंच वाटलं होतं. ह्यांना आणि आमच्या चिरंजिवांना यंत्रांचं वेड, म्हणून त्यांच्यामागून गेले. वाटलं, ते दोघं चाकं मोजत बसतील तेवढ्यात आपण सासूबाईंना घेऊन झाडाखाली बसू. पण झालं उलटंच. सगळ्यांत जास्त वेळ लागला तो आम्हां दोघी सासवासुनांना.

हे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालं. बंदिस्त दालनं आहेत, पण खरा खजिना बाहेर उघड्यावर, रुळांवर उभा आहे. पॅरिसमध्ये १८६२ साली घडवलेलं ‘रामगोटी’ नावाचं इवलंसं इंजिन आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचं अजस्र गॅरट इंजिन आहे. मध्ये एकच बॉयलर आणि पुढेमागे दोन यंत्रं, अशी त्याची चमत्कारिक बांधणी. १९३० साली मँचेस्टरहून आलेल्या या धुडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाताना सासूबाईंनी दोनदा विसावा घेतला. अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली तयार झालेलं एफ-७३४ हे इंजिनही इथे आहे. संपूर्णपणे हिंदुस्थानात बांधलेलं ते पहिलं इंजिन. दिसायला अगदी साधं, पण त्याच्यासमोर मी आपली नकळत हात जोडून उभी राहिले.

आणि ती पटियालाची एकरुळी गाडी! नावाप्रमाणे तिला एकच रूळ. दुसऱ्या बाजूचं मोठं चाक सरळ रस्त्यावरून चालायचं, म्हणजे तोल सावरायला जणू काठी टेकलेली. पटियालाच्या महाराजांच्या पदरी खेचरं पुष्कळ होती, ती गाडी ओढायला जुंपली जात. पुढे बर्लिनच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून वाफेची इंजिनं मागवली. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी मोटारी वाढल्यावर १९२७ साली बंद पडली आणि इंजिनं भंगारासारखी पडून राहिली. त्यातलं एक १९६२ च्या सुमारास सापडलं आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त होऊन पुन्हा चालू लागलं. पस्तीस वर्षं अडगळीत पडलेली वस्तू पुन्हा कामाला येते, हे वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो माळ्यावरच्या पितळी स्टोव्हचा. तुमच्याही आला असेल!

आता थोडं यंत्राविषयी. घाबरू नका. वाफेचं इंजिन समजायला आपल्याइतकं लायक कुणी नाही, कारण त्याच्याशी आपला रोजचा संबंध आहे.

तुमच्या माहेरी न्हाणीघरात तांब्याचा बंब असेल, तो आठवा. मधोमध उभी नळी, नळीत खालून ढलप्या आणि कोळसे पेटवलेले, भोवती पाणी. इंजिनाचं बॉयलर म्हणजे हाच बंब आडवा केलेला. फरक एवढाच की, एका नळीऐवजी शेकडाभर किंवा त्याहूनही जास्त नळ्या. मागच्या बाजूला भट्टी. तिथली ज्वाळा आणि धूर या नळ्यांतून पुढे जाऊन धुराड्यातून बाहेर पडतो. नळ्यांभोवतीचं पाणी तापतं, वाफ वर साठते. मग ती वाफ दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांत सोडायची की ती दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांडा ढकलतो आणि दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातूनच जोरानं बाहेर फेकली जाते. तोच तो आपण लहानपणी तोंडानं काढायचो तो ‘भक्‌ भक्‌’ आवाज. चाकाच्या एका फेऱ्याला चार. यातली गंमत पाहा. ही बाहेर पडणारी वाफ जाताना भट्टीतली हवा ओढून नेते, त्यामुळे विस्तव आपोआप फुलतो. म्हणजे इंजिन जितकं जोरात पळेल तितकी त्याची चूल जास्त पेटते. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईला याचं मोल सांगायला नकोच.

बंबाला मात्र वर तोंड मोकळं असतं, इंजिनाला नसतं. तिथे कुकर आठवायचा. आपल्या कुकरमधला दाब दर चौरस इंचाला साधारण पंधरा पौंड असतो. आपल्या मेल-एक्स्प्रेस गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी जातीच्या इंजिनात तो २१० पौंड, म्हणजे चौदापट! कुकरच्या झाकणात एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी आटून कुकर फार तापला की त्यातला धातू वितळतो आणि वाफ सुटते; डाळ वाया जाते, पण स्वयंपाकघर वाचतं. इंजिनाच्या भट्टीच्या छतालाही अगदी असाच शिशाचा खिळा असतो. भट्टीच्या छतावर कायम पाणी असलं पाहिजे. ते खाली गेलं तर छताचा पत्रा लालभडक होऊन नरम पडतो आणि वरचा दाब त्याला फोडून खाली येतो. तशी वेळ येण्याआधी शिसं वितळावं आणि वाफेचा फवारा विस्तवावर पडून माणसांना कळावं, ही योजना. म्हणून फायरमनची एक नजर सतत पाण्याच्या काचेवर. पाणी किती आहे हे दाखवणारी ती काचेची नळी पाहून सासूबाई म्हणाल्या, “ह्या नळीपायी तुझ्या मामंजींना घरी जेवतानासुद्धा तांब्यातलं पाणी वाकून बघायची सवय लागली होती.”

आमचे मामंजी भुसावळच्या शेडमध्ये आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा ते निवृत्त होऊन घरी होते, कमी बोलायचे. इंजिनाच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत आणि आम्हीही विचारल्या नाहीत. आणि सासूबाईंनाही काही सांगण्यासारखं असेल, हे तर आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रेवाडी दिल्लीपासून रेल्वेनं ऐंशीएक किलोमीटर. इथली शेड १८९३ सालची. एके काळी मीटरगेजच्या गाड्यांनी गजबजलेली. वाफेची इंजिनं गेली तशी ती ओस पडली, पण २००२ साली तिचं नष्टचर्य संपलं. तिची डागडुजी झाली आणि २०१० मध्ये तिला पुन्हा नीटनेटकं संग्रहालयाचं रूप मिळालं. पण हे नुसतं संग्रहालय नाही. दिल्लीत इंजिनं उभी असतात. इथे त्यांतली काही अजून पेटतात, धावतात. ‘अकबर’ नावाचं डब्ल्यूपी ७१६१ हे १९६५ चं चित्तरंजनचं इंजिन इथे आहे. हिंदी सिनेमात जुन्या काळातली आगगाडी दाखवायची झाली की बहुधा या शेडमधल्या इंजिनांनाच आमंत्रण जातं, तेव्हा यांतलं एखादं तोंड तुम्ही पडद्यावर नक्की पाहिलेलं आहे.

तिथे पोचल्यावर अकबरच्या समोर सासूबाई थांबल्या. गोल निमुळतं नाक, त्यावर तारा, तुकतुकीत रंग, पितळ तर आरशासारखं. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “फारच स्वच्छ आहे गं. खोटं वाटतंय.”

आणि मग सुरू झालं. रात्री दोन वाजता कॉलबॉय येऊन कडी वाजवायचा. अमुक गाडीवर जायचं आहे म्हणून वहीवर सही घ्यायचा. तेवढ्या वेळात स्टोव्ह पेटवून पोळ्या, सुकी भाजी आणि लसणीची चटणी डब्यात. डबा दोन वेळचा करायचा, कारण परत कधी येणार ते त्यांनाही ठाऊक नसायचं. निळे कपडे वेगळ्या बादलीत, सोड्याच्या पाण्यात उकळायचे; तरी गळपट्टीची काळी रेघ जायची नाही ती नाहीच. उशांना अभ्रे गडद रंगाचेच. मुलं लहान होती तेव्हा बापाला पाहून रडायची, कारण ते ज्या तोंडानं घराबाहेर पडत त्या तोंडानं परत येत नसत. भुसावळचा वैशाख तुम्हांला ठाऊक असेल तर कल्पना करा, बाहेर पंचेचाळीस अंश आणि समोर उघडी भट्टी. एका फेरीत टनांनी कोळसा फावड्यानं टाकायचा आणि तोही फेकायचा नाही, पातळ थर बसेल असा पसरायचा. “पोळीला तेल लावतो तसा,” हे सासूबाईंचे शब्द. हे त्यांना कुठून कळलं? मामंजी एकदाच घरी सांगताना तव्यावर दाखवून गेले होते.

माझी कन्या म्हणाली, “आजी, किती रोमँटिक!” त्यावर आजी फटकन म्हणाल्या, “कसलं काय! गेली ती इंजिनं, बरं झालं. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा पहिल्यांदा ते कामावरून पांढऱ्या गळपट्टीनं घरी आले. मी देवाला साखर ठेवली.”

हे तुम्हांला मुद्दाम सांगते, कारण जुन्या इंजिनांवर लिहिणारी मंडळी (बहुतेक पुरुषच!) वाफ, शिट्टी, धूर यांचं इतकं कौतुक करतात की, तो धूर कुणाच्या छातीत गेला आणि ती काजळी कुणी धुतली, याचा उल्लेखच राहून जातो. इंजिन जपावं हे खरंच. पण त्याबरोबर हेही जपलं गेलं तर बरं.

आम्ही गेलो त्या दिवशी शेडमध्ये एका इंजिनाचं बॉयलर धुणं चाललं होतं. आपण चहाच्या भांड्याचा पांढरा थर काढतो, तेच काम, फक्त भांडं खोलीएवढं. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी तापलं की क्षार बसतो हे आपल्याला ठाऊक आहे. गीझरची कॉइल त्यानंच जाते. बॉयलरमध्ये तो थर बसला की खालचा पत्रा जास्त तापतो, पाणी कमी तापतं आणि कोळसा फुकट जातो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन पूर्ण थंड करायचं, खालच्या कडेची तोंडं उघडायची आणि जोराच्या पाण्यानं आतला गाळ बाहेर काढायचा. नारळाच्या करवंटीएवढ्या क्षाराच्या खपल्या बाहेर पडत होत्या. ते पाणी अंगणात वाहत होतं आणि आम्ही पदर सावरून बाजूला उभ्या.

मोडकळीला आलेलं इंजिन पुन्हा चालतं करायचं म्हणजे मात्र नुसतं धुऊन भागत नाही. सगळ्यात आधी बॉयलरवरचं पत्र्याचं पांघरूण काढतात, कारण गंज लपून बसतो तो त्याच्याखाली. मग पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजतात. हल्ली त्याला ध्वनिलहरींचं उपकरण असतं. जुन्या नळ्या एकेक करून उपसतात, नव्या बसवतात आणि त्यांची टोकं फुलवून घट्ट करतात. भट्टीचा पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना जोडणाऱ्या शेकडो खुंट्या असतात, त्यांतली कुठली आतून तुटली आहे हे ओळखायची जुनी रीत ऐकून मला हसूच आलं. हातोडीनं टकटक करायची आणि कान देऊन ऐकायचं. म्हणजे आपण बाजारात माठ घेताना वाजवून बघतो तसंच! चांगली खुंटी खणखणते, तुटलेली बद्द वाजते. तिथल्या एका वयस्क फिटरनं करून दाखवलं. शेजारी उभ्या तरुण पोराला दोन्ही आवाज सारखेच वाटले. सासूबाईंनी मात्र फरक बरोबर सांगितला.

पुढे पाण्याच्या दाबाची परीक्षा. बॉयलर गळ्यापर्यंत पाण्यानं भरायचं आणि नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडपट दाब द्यायचा. वाफेनं हे करत नाहीत, कारण वाफेचं बॉयलर फुटलं तर तोफेसारखं फुटतं. पाणी मात्र नुसतं गळतं. ही परीक्षा पास झाल्यावरच विस्तव. आणि विस्तवसुद्धा घाईनं नाही. थंड इंजिन पेटवायचं तर आदल्या रात्रीपासून तयारी. आधी लाकडं, तेलाच्या चिंध्या, मग थोडा थोडा कोळसा. एकदम तापवलं तर एक भाग आधी फुगतो, दुसरा मागाहून आणि सांधे सुटतात. काचेच्या बरणीत उकळता पाक ओतल्यावर काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

सगळ्यात कठीण प्रश्न सुट्या भागांचा. कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते. शंभर वर्षांच्या इंजिनाचा वाल्व्ह कुठे मिळणार? जगातल्या बहुतेक इंजिन कारखान्यांना केव्हाच टाळं लागलं. आपल्याकडे चित्तरंजनला ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली तयार झालं. त्याचं नावच ‘अंतिम सितारा’. मीटरगेजचं शेवटचं १९७२ साली. तेव्हा मोडलेला भाग समोर ठेवून लाकडाचा नमुना कोरायचा, वाळूत साचा करायचा, धातू ओतायचा आणि कानसून बसवायचा, याला दुसरा इलाज नाही. कधी एका इंजिनाला जगवण्यासाठी दुसऱ्या मेलेल्या इंजिनाचे भाग काढावे लागतात.

मग ते जुनं इंजिन जुनं राहिलं का, असा वाद पुरुषमंडळी हिरिरीनं घालतात. मला त्याचं नवल वाटत नाही. आजीच्या पैठणीचं अंग विरलं की आपण काठ-पदर उतरवून नव्या कापडाला लावतो. ती पैठणी आजीचीच की नाही? आमच्याकडे तरी ती आजीचीच म्हणून नेसली जाते.

या सगळ्या वृद्धांमधली राणी म्हणजे ‘फेअरी क्वीन’. तिची हकिकत एखाद्या कादंबरीसारखी आहे. जन्म १८५५ चा, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात किटसन, थॉम्प्सन आणि हेविटसन यांच्या कारखान्यात. त्याच वर्षी बोटीनं कलकत्त्याला. ईस्ट इंडियन रेल्वेनं तिला २२ नंबर दिला आणि हावडा-राणीगंज मार्गावर टपालगाडीला जुंपली. १८५७ च्या धामधुमीत तिनं सैन्याच्या गाड्या ओढल्या. १९०९ साली निवृत्ती. मग तब्बल चौतीस वर्षं हावडा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर, ऊनपाऊस खात. १९४३ साली तिला उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत हलवलं. तिथे शिकाऊ मुलांना दाखवायचं यंत्र म्हणून राहिली. दिल्लीचं संग्रहालय उघडलं तेव्हा ती तिथे आली, खास तिच्यासाठी केलेल्या जागेत.

इथवर सगळं ठीक. पण पुढे कुणाच्या तरी मनात आलं की, ही चालू शकेल! तिची दुरुस्ती झाली आणि १८ जुलै १९९७ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतर, ती पुन्हा मुख्य मार्गावर धावली. पुढच्याच वर्षी जगातलं सर्वांत जुनं चालतं इंजिन म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. दिल्ली ते अलवर अशा तिच्या सहली निघू लागल्या. मध्यंतरी ती पुन्हा बंद पडली, चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात जाऊन बरी झाली आणि २०१२ च्या डिसेंबरात परत धावली. वजन जेमतेम सव्वीस टन, वेग ताशी चाळीस किलोमीटर. आजच्या गाड्यांपुढे अगदीच मुंगीच्या पावलांनी. (तिची एक जुळी म्हणावी अशी बहीणही आहे, १८५५ चीच, ईआयआर २१. तिलाही २०१० साली चालतं केलं. तेव्हा सर्वांत जुनी कोण, हा वाद दोघींत आहेच. घरोघरी मातीच्या चुली!)

आपल्या मुंबईच्या पहिल्या गाडीचं नशीब मात्र इतकं थोर नव्हतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी निघाली, चारशे पाहुणे घेऊन. ती ओढायला ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ अशी तीन इंजिनं होती. त्या तिघांतलं एकही आज पाहायला मिळत नाही. तेव्हा कुणाला वाटलंही नसेल की, ही लोखंडी धुडं कधी जपून ठेवावी लागतील. पुढे रेवाडीच्या लोकांनी आपल्या इंजिनांना हीच नावं पुन्हा ठेवली, तेवढंच समाधान.

आता मला खरी चुटपुट लावणारी गोष्ट. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नित्याची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंदर-फिरोजपूर मार्गावर धावली. हिशेब करा. त्याच्या दोनचार वर्षं आधी जो विशीतला मुलगा शेडमध्ये लागला, तो आज पंचावन्नच्या घरात आहे. रेल्वेत साठाव्या वर्षी निवृत्ती. म्हणजे मैदानी मुलखात रोजच्या कामात मोठं इंजिन पेटवलेली माणसं येत्या थोड्या वर्षांत नोकरीत उरणारच नाहीत. दार्जिलिंगच्या आणि निलगिरीच्या डोंगरी गाड्यांवर अजून वाफेची इंजिनं चालतात, तिथली विद्या टिकेल. पण रेवाडीच्या शेडमध्ये आम्हांला हातोडीचा आवाज ऐकवणारे ते गृहस्थ म्हणाले की, निवृत्त झाल्यावरही त्यांना अधूनमधून बोलावणं येतं. पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. पण पुरणाला चटका कधी बसला हे पुस्तकात वाचून कुणाला कळलं आहे का? विस्तव पांढरा दिसायला लागला म्हणजे किती पांढरा, हे शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

आणि जी इंजिनं चालवत नाहीत, गावोगावच्या स्टेशनांपुढे चौथऱ्यावर उभी करतात, त्यांची कथा तर वेगळीच. दर सणाला, पाहुणा येणार असला की वरून रंगाचा हात. आत पावसाचं पाणी साचतं, खालून पत्रा कुजतो. मुरलेल्या ओलीवर चुना फासल्यासारखं. पुढच्या वेळी असं इंजिन दिसलं तर जरा वाकून त्याच्या पोटाखाली पाहा. रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते दिसेल. आणि दिसलं तर स्टेशनमास्तरांना दोन ओळींचं पत्र टाकायला हरकत नाही. नळाला पाणी नसलं तर आपण नगरपालिकेला लिहितोच की.

आमची कन्या परतीच्या वाटेवर विचारत होती, इंजिनावर बाया का नव्हत्या? वाफेच्या काळात आपल्याकडे नव्हत्याच. पण वाफ संपत आली त्याच सुमाराला, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्या साताऱ्याकडच्या सुरेखा यादव मध्य रेल्वेत साहाय्यक ड्रायव्हर म्हणून लागल्या. आशियातली पहिली स्त्री रेल्वेचालक असं त्यांना म्हणतात. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “तिचा डबा कोण करत असेल गं?” उत्तर कुणालाच देता आलं नाही.

दिल्ली दूर वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातही थोडंफार पाहता येतं. नागपूरला मोतीबागेत अरुंद गेजच्या रेल्वेचं संग्रहालय २००२ पासून आहे. विदर्भातल्या भगिनींनी यवतमाळ-मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ अनुभवलेली असेल. तिला मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. पुण्याला कोथरूडमध्ये छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे मुलांचे दोन तास कसे जातात ते कळत नाही. आणि माथेरानला जाणार असाल तर १९०७ सालची ती चिमुकली गाडी आहेच, फक्त तिचं रोजचं इंजिन आता वाफेचं नाही.

जाणारच असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. दिल्लीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. एकरुळी गाडी आणि रेवाडीची वाफेची गाडी रोज सुटत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करूनच बेत ठरवा, नाहीतर मुलं हिरमुसतात. मे महिन्यात मुळीच जाऊ नका. उन्हात तापलेल्या लोखंडाला हात लागला तर फोड येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वयस्कर मंडळींना बरोबर घ्या, घडीची खुर्ची मिळाली तर तीही. त्यांना इंजिनासमोर बसवा आणि तुम्ही गप्प राहा.

पेटत्या इंजिनाच्या मागच्या डब्यात बसलात तर पांढरे आणि रेशमी कपडे टाळा. खिडकीतून डोळ्यांत कोळशाचा कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. कपड्यावर काजळी पडली तर लगेच पाणी लावायचं नाही, ओली काजळी धाग्यात मुरते. आधी कपडा झटकायचा, मग त्यावर टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवायची, मऊ ब्रशानं झाडायची आणि नंतरच साबणाच्या पाण्यात टाकायचा. इंजिनाच्या तेलाचा डाग असेल तर पावडर दोनदा. गळपट्टीच्या काळ्या रेघेवर मात्र सासूबाईंपाशीही उपाय नाही.